मोठी पट्टी पुढे

लेस्टरभाऊंनी आमच्या फाटकात उभं राहून तो सांगाडा माझ्या घरावर रोखला, तेव्हा माझी पोळी तव्यावर होती. पांढरा प्लास्टिकचा पाइप, त्यावर आडव्या तीन पिवळ्या पोलादी पट्ट्या, भाऊंच्या गळ्यात जुना रिसीव्हर आणि त्यातून भजी तळल्यासारखी चरचर. भाऊ सांगाडा हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत होते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आला की चरचर वाढायची.

"बाई, तुमचा इन्व्हर्टर," ते म्हणाले.

"काय झालं माझ्या इन्व्हर्टरला?"

"तोच आहे चोर."

पोळी जळाली ती जळालीच. पण त्या दिवसापासून या माणसाने माझ्या आणि भुईगावातल्या आमच्या सबंध आळीच्या असे काही नाकी नऊ आणले, की ते कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय माझा जीव शांत व्हायचा नाही.

लेस्टर रुमाव आमचे समोरचे शेजारी. आमचं घर समुद्राच्या बाजूला, त्यांचं समोर, मध्ये एक रिक्षा कशीबशी जाईल एवढी गल्ली. मी मूळची वाईकडची. वसईतल्या शाळेत मराठी शिकवायला आले, तिथे लेस्टरभाऊंची बायको जेनिफर गणित शिकवायची. तिनेच आम्हाला हे घर दाखवलं आणि तिनेच माझ्या यजमानांना, म्हणजे रमेशना, "घ्या हो, किती विचार करता" म्हणून घ्यायला लावलं. लेस्टरभाऊंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, खांबावर चढण्यात आणि केबली जोडण्यात गेली. उंच, काटकुळे, मिशीला अजून काळा रंग लावणारे. माणूस वाईट नाही. पण त्यांना कुणी काही सांगितलं की ते शांतपणे ऐकतात, मान डोलावतात आणि मग स्वतःला हवं तेच करतात. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांना नाद हॅम रेडिओचा. सरकारची परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात बिनतारी संच बसवायचा आणि दुसऱ्या परवानेवाल्यांशी गप्पा मारायच्या. ऐन तारुण्यात त्यांनी आणि खात्यातल्या केनी नावाच्या दोस्ताने मिळून ही परीक्षा दिली. पुढे केनी सासरच्या वाडीवर केळव्याला राहायला गेला, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला हे दोघे रेडिओवर. कामाची वाटणी ठरलेली. तारा जोडणं, अँटेना बांधणं, बिघडलेलं उघडणं केनीकडे, बोलणं लेस्टरभाऊंकडे.

जेनिफरला हा प्रकार बिलकूल आवडत नसे. "सहा म्हणजे माझी खोबरं वाटायची वेळ," ती म्हणायची. "त्यांनी त्यांची वेळ बदलावी." आणि बरोबर सहाला ती मिक्सर लावायची. मिक्सर सुरू झाला की भाऊंच्या रेडिओत नुसती घरघर. तिकडे केनीला त्यांच्या माइकमधून मिक्सर ऐकू जायचा, आणि तो रोज न चुकता म्हणायचा, "जेनीला सांग, मिक्सर बंद कर!" मग जेनिफर आतून ओरडायची, "केनीला सांग, मग तुझ्या दोस्ताला तूच जेवायला घाल!" हे मी आमच्या ओट्यावरून कितीतरी वर्षं ऐकलं आहे. वैतागही यायचा आणि हसूही.

मग केनीला अर्धांगवायूचा झटका आला. डोकं शाबूत राहिलं, उजवा हात राहिला, वाचा मात्र गेली. तोंडातून नुसता आवाज निघतो, शब्द होत नाही. फोन आला की तो मान फिरवतो. पण त्याच्या पोरीने, शॅननने, रेडिओ पलंगाजवळ आणला, मोर्स की, म्हणजे ठोक्यांनी अक्षरं पाठवायचं बटण, हाताशी ठेवली, आणि पहिल्याच संध्याकाळी केनी बोटाने बोलला. कट्ट, कडकट्ट. लेस्टरभाऊ तोंडाने बोलायचे, केनी बोटाने उत्तर द्यायचा. मी एकदा म्हटलं, "व्हॉट्सअ‍ॅप करावं की त्याने." भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचा कप घेऊन घरी आले. नंतर म्हणाले, "बाई, त्याला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. आणि फोनवर तो पेशंट असतो. कीवर हात ठेवला की तो केनी असतो."

हे मला पटलं.

गेल्या पावसाळ्यात जेनिफर गेली. आजार लांबला नाही, पण सोपाही नव्हता. इस्पितळात तिने माझा हात धरून सांगितलं होतं, "विनिता, ह्यांच्याकडे जरा बघ गं. हट्टी आहेत." बघ म्हणजे काय, ते तेव्हा कळलं असतं तर मी थोडा विचार केला असता.

ती गेल्यावर भाऊंनी रेडिओवर चादर टाकली. केनीशी बोलणं बंद. नवीन वर्ष लागल्यावर एकदा शॅननचा फोन आला, "अंकल, पप्पा रोज सहाला कीवर हात ठेवून बसतात," तेव्हा कुठे चादर निघाली. आणि रेडिओ लावला तर ही चरचर. केनीचा संच लहान, अँटेना खिडकीत टांगलेला, त्याचा आवाज मुळातच बारीक. त्या चरचरीत त्याची कट्टकट्ट पार बुडून जायची. भाऊंचा आवाज केनीला स्वच्छ ऐकू जायचा. केनीचा भाऊंना नाही. मग रोज सहाला खिडकीतून आम्हाला ऐकू यायचं, "केनी, परत सांग. नाही कळलं. परत सांग. केनी, पुन्हा एकदा." ज्या माणसाची वाचा गेली आहे, त्याला रोज पुन्हा सांग, पुन्हा सांग म्हणायचं. मला ते ऐकवत नसे. मी टीव्हीचा आवाज वाढवायची.

"घरातलंच काही असेल," मी म्हटलं. "मेन स्विच बंद करून बघा."

"बघितलं. बॅटरीवर रेडिओ लावला, मेन बंद केला. आवाज तसाच. बाहेरचंच आहे काहीतरी. मी रेडिओ झाकून ठेवला तेवढ्यात कुणीतरी काहीतरी आणलंय."

आणि खरंच, त्या काळात आळीत बरंच काही आलं होतं. कुणाचा कॅमेरा, कुणाचा पंप, रस्त्याला नवे पांढरे दिवे. म्हणून ठरलं, की चोर शोधायचा. त्याला दिशा ओळखणारा अँटेना हवा. ज्या बाजूला तोंड करू त्याच बाजूचं जास्त ऐकणारा, आणि हातात धरून गावभर हिंडता येईल इतका हलका.

यात पहिला बळी माझ्या टेपचा गेला. फर्निचरचं माप घ्यायला आणलेला, नवा कोरा, पोलादी. भाऊ आले, "जरा द्या, मापायचंय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी रिकामी डबी परत. "पट्टी वापरली," म्हणाले. पोलादी टेपची पट्टी हवी तशी वाकते आणि सोडली की पुन्हा ताठ उभी राहते, म्हणून उचलून न्यायच्या अँटेनाला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही, हे मला अर्धा तास समजावून सांगण्यात आलं. मी विचारलं नव्हतं. पाइप प्लंबरकडचे तुकडे. पट्टीवरचा पिवळा रंग न खरवडताच तिला सोल्डर लावायला गेले, तर सबंध दुपार गल्लीत जळक्या रंगाचा वास. मग जेनिफरच्या मासे साफ करायच्या सुरीने रंग खरवडला. सुरी गेली.

पण वस्तू झाली देखणी. पाइपचे सांधे न चिकटवता नुसते बसवलेले, त्यामुळे सगळं सुटं करून जेनिफरच्या छत्रीच्या पिशवीत मावायचं. वजन केळ्याच्या एका फणीएवढंही नाही. तीन पट्ट्या: एक मोठी, एक मधली, एक धाकटी. मधली कापून तिला वायर लावलेली, ती रिसीव्हरला जाते.

"कुठली पट्टी कुठे, ते केनीला विचारलंत का?" मी विचारलं, कारण असली कामं केनीची.

"केनीला काय विचारायचं? मला तीन पट्ट्या लावता येत नाहीत? मोठी पट्टी पुढे." मग मला समजावं म्हणून म्हणाले, "मेमधल्या सणाच्या मिरवणुकीत बघता ना? मोठा खुरीस पुढे. मागून मेणबत्त्या, मागून लोक. मोठं ते पुढे. जगात सगळीकडे हेच असतं, बाई."

मिरवणुकीतला तो मोठा खुरीस, म्हणजे क्रूस, वर्षानुवर्षं लेस्टरभाऊच धरतात. त्यामुळे यापुढे बोलायची सोय नव्हती. मोठ्या पट्टीच्या टोकाला त्यांनी लाल चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे पुन्हा जोडताना चुकायला नको.

तर माझा इन्व्हर्टर. मी तो दिवसभर बंद ठेवला. चरचर तशीच. "मग तुमच्या मागचा कुणीतरी," भाऊ म्हणाले, आणि माझ्या घरातून, मुद्दाम पुसलेल्या फरशीवरून, चपला घालून मागच्या दारी गेले. तिथून सांगाडा रोखला तर तो समुद्राच्याच बाजूला, पुढच्या घराकडे, क्लेमेंटीनमावशीकडे.

क्लेमेंटीनमावशी ऐंशीच्या पुढची. कमरेवर हात ठेवून ओट्यावर उभी राहिली. "माझ्या पान्याच्या पंपाला कोन बोलतं? आमचा म्हातारा होता तवापासून चालतोय तो, कधी तोंडातून आवाज नाय काढला!"

"आवाज म्हणजे तसला आवाज नाही, मावशी. रेडिओतला."

"मग रेडिओ बंद कर की रं!"

मला हे फार आवडलं. पण भाऊंना नाही. पंप बंद करून घेतलाच. चरचर तशीच. मावशीच्या घरामागे गेल्यावर सांगाडा दाखवू लागला सॅन्टनच्या केळीच्या वाडीकडे. सॅन्टनची मोटर बंद केली, तर त्याच्या पलीकडे समुद्राच्या वाटेवरच्या खुरिसावरचा दिवा. तो दिवा बंद करायला भाऊ खांबावर चढले, या वयात, आणि खाली एक म्हातारी त्या तीन आडव्या पट्ट्यांकडे बघून छातीवर क्रुसाची खूण करून पुढे गेली. दिवा विझला. चरचर तशीच. चोर आपला दर वेळी पुढच्या घरात.

"पण भाऊ, आवाज कमी कमी होतोय हो," मी म्हटलं. "आपण जवळ जातोय तर वाढायला नको का?"

"झाडं आहेत ना मध्ये. झाडं आवाज पितात."

असं करत करत आम्ही समुद्रावर पोहोचलो. आता पुढे घरच नव्हतं. सांगाडा सरळ पाण्याकडे रोखलेला, रिसीव्हरमध्ये चरचर जेमतेम.

"बोट असणार," भाऊ म्हणाले.

"कुठली बोट?" क्षितिजापर्यंत एक होडी नव्हती.

"आत्ता नाही. पण असणार."

मी त्या दिवशी घरी येऊन रमेशना म्हटलं, की या माणसाला डॉक्टरकडे न्यावं की मलाच न्यावं, तुम्ही ठरवा. रमेश पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जेनिफरला शब्द कोणी दिला?" म्हणजे तिकडूनही दार बंद.

आठवडाभराने भाऊंनी मोहीम दुसऱ्या बाजूने काढली. स्वतःच्या घरामागच्या, म्हणजे गावाकडच्या रस्त्यावर जाऊन सांगाडा फिरवला. आता तो दाखवायला लागला थेट पूर्वेला. समुद्र सोडून उलटा डोंगराकडे. कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात इथे काहीतरी पेटलं असतं. भाऊंच्याही पेटलं.

"कामण!" ते म्हणाले. "कामणची गोदामं. केवढाली मशिनं असतात तिथे. बाई, बसा स्कूटरवर."

मी का बसले, ते मला आजतागायत सांगता येत नाही. कामणपर्यंतचा तो खड्ड्यांचा रस्ता, पुढे कंटेनर, मागे कंटेनर, धूळ, आणि मागच्या सीटवर छत्रीची पिशवी छातीशी धरून मी, निवृत्त मराठी शिक्षिका. एका गोदामाच्या फाटकासमोर भाऊंनी अँटेना जोडला. सुरक्षारक्षक धावत आला.

"ये क्या है? ड्रोन है क्या? परमिशन है?"

"ड्रोन नही है, अँटेना है. आपके यहाँ से गडबड हो रहा है."

"क्या गडबड?"

भाऊंनी रिसीव्हर त्याच्या कानाला लावला. आत चिडीचूप. चरचरीचं नाव नाही. रक्षकाने भाऊंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला वाटतं त्याला माझी दया आली. "माताजी, इनको घर ले जाओ," तो म्हणाला.

स्कूटरला किक मारताना भाऊ पुटपुटले, "बंद केलं त्यांनी. आपल्याला येताना बघितलं असणार."

मी त्या क्षणी जे बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की घरी पोहोचेपर्यंत पुढच्या सीटवरून एक शब्द आला नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते संध्याकाळी. सहा वाजले, खिडकीतून भाऊंचा आवाज आला, "केनी, मी लेस्टर. केनी, परत सांग." मग बराच वेळ काहीच नाही. मग शॅननचा फोन आला आणि भाऊ फोन हातात घेऊनच गल्ली ओलांडून आमच्याकडे आले. मोठ्या आवाजावर लावलेला. पलीकडे पोरगी रडत होती.

"अंकल, पप्पांनी की ढकलून दिली. खाली पडली. मी उचलून परत ठेवली तर परत ढकलली. भिंतीकडे तोंड करून झोपलेत. जेवले पण नाहीत."

लेस्टरभाऊ आमच्या दारात उभे होते. उभेच राहिले. माझा सगळा राग कुठे गेला मला कळलं नाही. केनीला बोलायला जगात तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत बंद होत होती.

"उद्या जाऊ केळव्याला," मी म्हटलं. रमेश आपणहून म्हणाले, "गाडी मी चालवतो."

भाऊंनी सोबत अँटेना घेतला. मी डोळे मिटून घेतले, पण बोलले नाही. "केनीला कळू दे, मी प्रयत्न करतोय ते," ते म्हणाले. "आयुष्यात पहिला अँटेना बांधलाय मी, त्याच्याशिवाय."

केनी भिंतीकडे तोंड करून पडला होता. गोल चेहऱ्याचा, टक्कल पडलेला, एका बाजूने ओघळलेला माणूस. शॅननने हाक मारली तरी वळला नाही. लेस्टरभाऊ पलंगापाशी गेले आणि एकदम भांडायलाच लागले. "रागावलास काय? मी काय मुद्दाम करतोय? गाव पालथं घातलं मी तुझ्यासाठी! मावशीचा पंप बंद केला, खुरिसाचा दिवा बंद केला, कामणला गेलो. हे बघ, हा बांधला!" आणि पिशवीतून तुकडे काढून, लाल खुणेची मोठी पट्टी पुढे घालून, त्यांनी सांगाडा जोडला आणि केनीच्या अंगावर रोखला.

केनीने मान वळवली. अँटेनाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याचा उजवा हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आला आणि बोटातली अंगठी कठड्यावर वाजायला लागली. टक्क, टक टक, टक्क.

भाऊंचा चेहरा बदलला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"काही नाही."

टक टक टक्क. पुन्हा तेच.

"अहो, काय म्हणतोय तो?"

भाऊ घसा खाकरून म्हणाले, "उलटा धरलाय म्हणतोय."

भाऊ उसळले, "उलटा कसा? मोठी पट्टी पुढे!" अंगठी पुन्हा वाजली, या वेळी जरा लांबलचक, आणि भाऊ एकेक शब्द करून मोठ्याने वाचत गेले. "मोठी... मागे. ती... आरसा. मागून... ढकलते. गाढवा." शेवटचा शब्द त्यांनी वाचायला नको होता, पण वाचला.

मोठी पट्टी आरशासारखी असते, आलेला आवाज ती पुढच्या बाजूला परतवते, म्हणून ती पाठीशी ठेवायची. पुढे ठेवली तर अँटेना मागचं ऐकतो. म्हणजे भाऊ ज्या दिशेला तोंड करून चोर चोर म्हणत होते, चोर दर वेळी बरोबर त्यांच्या पाठीमागे होता. माझ्या फाटकातही. समुद्रावरही.

आणि मग पलंगावर काहीतरी हलायला लागलं. केनी हसत होता. तोंडातून धड आवाज नाही, पण पोट गदगदा हलतंय, डोळ्यांतून पाणी येतंय. शॅनन घाबरून पुढे धावली आणि मग तीही हसायला लागली. लेस्टरभाऊ हातात उलटा अँटेना घेऊन मध्ये उभे. पुढचा तासभर त्या खोलीत तोंडाने फारसं कुणी बोललं नाही. नुसती टकटक. केनीची अंगठी आणि भाऊंची किल्ली, त्याच कठड्यावर. निघताना शॅननने की उचलून पलंगाशी ठेवली. केनीने ती ढकलली नाही.

परतताना भाऊ गाडीत म्हणाले, "म्हणजे चोर आपल्याच बाजूला आहे." मी म्हटलं, "इतकं तर आता मलाही कळलं."

सहा वाजायला थोडा अवकाश होता. भाऊंनी मोठी पट्टी मागे घातली, आमच्या फाटकात, त्याच जागेवर उभे राहिले आणि अँटेना फिरवला. माझ्या घराकडे केला तर चरचर बसली. स्वतःच्या घराकडे केला तर अशी उसळली की क्लेमेंटीनमावशीने खिडकी उघडली. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण मी इतकी वर्षं मुलांना शिकवली. ती गल्लीत उभी राहून डोळ्यांनी बघेन असं वाटलं नव्हतं. मला भाऊंना चार शब्द सुनवायचे होते. महिनाभराचे साठले होते. मी त्यांच्या मागोमाग आत गेले, तेच सुनवायला.

बैठकीच्या खोलीत अँटेना मावेना. पट्ट्या भिंतीवरच्या चौकटींना लागत होत्या. भाऊ वळले. स्वयंपाकघराकडे नाही. झोपायच्या खोलीकडे नाही. कोपऱ्याकडे. तिथे आल्तार, म्हणजे त्यांचा देव्हारा, त्याला लागून रेडिओचं टेबल. आल्तारावर जेनिफरचा फोटो आणि फोटोभोवती बारीक पांढऱ्या दिव्यांची माळ, जी मी इतके महिने रोज बघत होते. अँटेना फोटोसमोर आला आणि रिसीव्हर कर्कश ओरडायला लागला. माळेची वायर खाली गेली होती, एका छोट्या काळ्या अडॅप्टरमध्ये, आणि तो होता इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये. म्हणून मेन बंद करूनही ती कधी विझली नव्हती.

"भाऊ, मेन बंद केलात तेव्हा..." मी सुरुवात केली.

"हिला मी बंद नाही करत," ते म्हणाले. "म्हणून तर इन्व्हर्टरवर घेतली." मग म्हणाले, "इस्पितळात नर्स रात्री दिवा घालवायची, तर जेनी म्हणायची, नको ना हो. मला भीती वाटते. मी म्हटलं, नाही घालवणार. मी तिला सांगितलं होतं, बाई."

माझे चार शब्द माझ्या तोंडातच राहिले. मला इतका वैताग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. तिकडे केळव्याला एक माणूस कीवर हात ठेवून बसला असेल. इकडे हा दिवा. सहा वाजत आले होते आणि हा हट्टी माणूस त्या काळ्या डबीकडे बघत नुसता उभा.

मी आल्ताराच्या खणातून मेणबत्ती काढली आणि त्यांच्या हातात दिली. "अंधारात नाही ठेवायचं ना? मग ही लावा आधी. मग ते बटण बंद करा. तुमचं बोलणं झालं की पुन्हा लावा."

त्यांनी मेणबत्ती लावली, फोटोसमोर नीट टेकवली. मग टेबलावरचा रेडिओ लावला आणि खाली वाकून प्लग काढला.

चरचर गेली. एवढी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत, लांबून, बारीक पण एकदम स्वच्छ, कट्टकट्ट ऐकू यायला लागली. केनी आधीपासूनच बोलत होता.

लेस्टरभाऊंनी माइक उचलला. "केनी, ऐकू आलं. सगळं ऐकू आलं." मग म्हणाले, "चोर सापडला. घरातच होता. जेनीच्या फोटोचा दिवा."

पलीकडून कट्टकट्ट सुरू झाली, सावकाश, आणि संपली. भाऊंनी माइक खाली ठेवला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला," भाऊंनी डोळे पुसले, "जेनीला सांग, मिक्सर बंद कर."

त्या दिवशी दोघे बराच वेळ बोलले. मी त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसले. बोलणं संपल्यावर भाऊंनी खाली वाकून प्लग पुन्हा लावला. माळ लागली, मेणबत्ती विझवली, आणि रेडिओ पुन्हा तळायला लागला. ते रेडिओसमोरच बसून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चरचर गल्लीभर ऐकू येत होती.

"भाऊ, बंद करा की आता तो रेडिओ," मी दारातून म्हटलं.

"राहू द्या जरा, बाई," ते म्हणाले. "खोबरं वाटतेय ती."